चपला खाली, कवी वर

स्वतःची कविता वाचून झाली की कवीला एकदम घर आठवतं. आधी आठवत नाही. आधी तो चहा पीत, आपलं नाव कधी पुकारतात याकडे कान लावून निवांत बसलेला असतो. पण एकदा का त्याची कविता झाली, की त्याच्या बसची वेळ होते, मुलाला ताप येतो, नाहीतर खिशातला फोन वाजतो. हा रोग जुना आहे आणि मला तो चांगलाच जडलेला आहे. त्यावरचं औषध धाराशिवच्या एका भांड्याच्या दुकानदारानं शोधून काढलं. कवींच्या चपला शटरच्या आत कोंडायच्या.

त्यांचं नाव शिवलिंगप्पा. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख थोडं वाढवलेलं. ते नख कामाचं होतं. गिऱ्हाइकानं कुठलंही पातेलं हातात घेतलं की आप्पा त्याला नखानं टिचकी मारायचे, कान देऊन ऐकायचे आणि मग किंमत सांगायचे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की कुणाकडं चहा प्यायला गेले तरी आधी कपाला टिचकी मारायचे. आई कर्नाटकातल्या आळंदकडची, त्यामुळे काही मनापासून आवडलं की तोंडून 'छान'साठी कानडी शब्द यायचा. "छलो, छलो." मराठीत मात्र कौतुक करताना ते हात फार आखडता घेत.

दुकान बाजाराच्या गल्लीत, खाली. वर एक लांबुळकी खोली. तिच्या एका भिंतीला लग्नकार्याच्या ऑर्डरची पातेली एकात एक घालून छतापर्यंत रचलेली. त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं की पातेली हळूच घुमायची. माझ्या आवाजाला घुमारा आहे, असा जो माझा समज आहे, तो त्या पातेल्यांनी करून दिलेला आहे.

ही खोली मागायला आली रुबीना. कॉलेजात शिकणारी, बोलायला धीट, पुण्यात कुठंतरी ओपन माइक बघून आलेली.

"म्हंजी काय आसतंय त्यात?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, ज्याला वाटंल त्यानं यायचं, माइकसमोर उभं राहायचं आणि आपली कविता म्हणायची. तिकीट नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत."

"बरं. आन ऐकणार कोन?"

रुबीना हसली. दुकानात एक डबा बदलून घ्यायला आलेला मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी खोली दिली, सतरंजी दिली, पाण्याला तांब्याचा हंडा दिला, पण प्रश्न मागं घेतला नाही.

पहिल्या संध्याकाळी दहा-बारा जण जमलो. मी येरमाळ्याच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे गावात जी दोन-तीन माणसं मला कवी म्हणतात ती सगळी माझ्या स्टाफरूममधली. मी पुढच्या नंबरात वाचलं, टाळ्या घेतल्या आणि बसचं कारण सांगून निघालो. माझ्यानंतर वाचलेले वकीलसाहेब फोन कानाला लावून निघाले. त्यांच्यानंतरचेही असेच एकेक करून पांगले. रुबीना यजमान, म्हणून तिनं स्वतःचं नाव शेवटी ठेवलं होतं. तिची पाळी आली तेव्हा सतरंजीवर एकटे आप्पा होते. मी तेव्हा यडशीच्या पुढं, बसच्या खिडकीशी बसून, मिळालेल्या टाळ्या परत परत आठवत होतो.

पुढचं रुबीनानं सांगितलं. ती म्हणाली होती, "जाऊ द्या आप्पा, नको आता." आप्पांनी मांडी बदलली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "का? म्या हाय की." तिनं वाचलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आजून हाय का?" तिनं दुसरी वाचली, मग तिसरी. आप्पा पोरीला रिक्षापर्यंत सोडायला गेले, आणि परत येताना रस्ताभर स्वतःशीच बोलत होते, असं नंतर बाजारातून कळलं.

पुढच्या महिन्यात आम्ही जिन्यापाशी चपला काढायला लागलो तर आप्पा म्हणाले, "तितं नगं. दुकानात काढा. कुत्री वढून नेत्यात." आम्हाला ती काळजी वाटली. सगळे वर गेलो आणि खालून शटर ओढल्याचा आवाज आला. वकीलसाहेब कविता वाचून सवयीनं फोन कानाला लावत खाली गेले आणि तसेच वर आले.

"आप्पा, माझे बूट?"

"हायत की."

"मला निघायचंय. अर्जंट आहे."

"कार्यक्रम झाल्याबिगर चपला मिळणार न्हाईत," आप्पा म्हणाले, आणि पुढच्या कवीला हातानं खूण केली. "तुमी व्हा सुरू."

त्या दिवसापासून धाराशिवात कविता ऐकली जाऊ लागली. नाइलाजानं का होईना.

पण कवी ही जात अशी, की जाता येत नाही म्हटल्यावर ती थांबेचना. इतके हक्काचे श्रोते आयुष्यात कुणाला मिळाले होते? कविता लांबू लागल्या. मग आप्पांनी दुकानातून काशाची एक थाळी आणि पळी वर आणली. प्रत्येकाला पाच मिनिटं. ती झाली की टण्ण. थाळी वाजली की भिंतीची पातेली तिच्या सुरात सूर मिसळायची आणि कवीची उरलेली ओळ त्यात वाहून जायची.

मला वाटतं त्या थाळीवरचा पहिला पोचा माझ्यामुळे पडला असावा. माझी एक दीर्घकविता होती, 'शून्याच्या अलीकडे, पलीकडे आणि मध्ये'. तिच्या 'अलीकडे'त पाच मिनिटं जायची. 'मध्ये' आणि 'पलीकडे' काय आहे हे धाराशिवला आजतागायत माहीत नाही. दर महिन्याला मी ती अधिक वेगानं वाचायचा प्रयत्न करायचो, आणि दर महिन्याला 'अलीकडे'तल्या त्याच एका गुहेच्या तोंडाशी थाळी वाजायची.

आप्पांची दाद तीन प्रकारची होती. साधारण कवितेला "हां". बरी असेल तर मांडीवर थाप. आणि फारच क्वचित, "वा". ही "वा" मोठ्यानं नसायची. भांड्याला टिचकी मारल्यावर खणखणीत निघालं की दुकानदाराच्या तोंडावर जे समाधान दिसतं, तेवढीच. ती मिळालेली माणसं महिनाभर ताठ चालायची. मला "हां" मिळायचं, आणि त्याला जोडून "बसा".

एकदा मी धीर करून विचारलं, "आप्पा, माझी कविता कशी वाटते?"

त्यांनी जरा विचार केला. "सर, तुमच्या कवितेत लई अंधार हाय. लाइटबिल कमीच येत आसंल."

"ते अस्तित्वाचं तसं असतं, आप्पा."

"आसंल. पर त्यात कोन ऱ्हातंय ते दिसत न्हाय बगा."

मी याचा अर्थ असा लावला की ती कविता काळाच्या पुढची आहे.

ढोकीचा बालाजी ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगामात त्याला सवड मिळणं कठीण. एका संध्याकाळी तो कानाला मफलर गुंडाळून, अंगाला उसाचा आणि डिझेलचा वास घेऊन आला. माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"भरल्या ट्रॉलीमागं सारा रस्ता रांगंत उभा हाय,
म्या पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढं हाय."

आणि थांबला. "येवढीच हाय," म्हणाला, आणि लाजून खाली बसायला लागला. कुणीतरी म्हणालं, अजून म्हण, वेळ आहे तुझी. आप्पांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. झालीय ती. पर बालाजी, तू हुबा ऱ्हा. तुजा येळ आजून हाय. तो तुजाच हाय, दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाय." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "ऐका आता."

आणि आम्ही ऐकत बसलो. बालाजी उभा, आम्ही बसलेले, कुणी बोलत नाही. खालून बाजारातले आवाज येत होते. रुबीनाचे डोळे मिटलेले होते. वकीलसाहेबांनी फोन उलटा करून ठेवला. आप्पा हलक्या आवाजात "छलो" म्हणाले. पुरी पाच मिनिटं झाल्यावर थाळी वाजली आणि बालाजी बसला. इतकी चांगली शांतता मी फार कमी वेळा ऐकली आहे. आणि एवढ्या वेळात मी काय केलं म्हणाल, तर 'शून्या'तलं एक विशेषण मनातल्या मनात बदललं.

मी एकदा आप्पांच्या तुरुंगातून पळायचा प्रयत्न केला, तोही सांगून टाकतो. माझी कविता झाली होती, थाळी वाजली होती आणि साडेसातची बस खुणावत होती. जिन्याखालच्या मोरीपाशी रबरी स्लीपर असायच्या, एक निळी आणि एक लाल, दोन्ही डाव्या पायाच्या. त्या पायात अडकवून मी निघालो. बसस्टँडवर नेमका माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप भेटला. त्यानं नमस्कारासाठी खाली वाकून माझे पाय पाहिले आणि तसाच वर आला.

"सर, तब्येत बरी हाय न्हवं?"

त्याला मोरीतल्या स्लीपरचं स्पष्टीकरण देता देता बस गेली. पुढची तासाभरानं होती. मी फरफटत परत आलो तर कार्यक्रम नुकताच संपला होता आणि आप्पा शटर उघडून एकेकाला चपला काढून देत होते. माझ्या पायांकडं बघून त्यांनी निवांतपणे माझ्याही चपला पुढं केल्या, त्यामुळे मी जास्तच भडकलो.

"आप्पा, तुम्हाला इथं कवितेचं पडलंय! तिकडं आमचे दादा फाट्यावर बॅटरी घेऊन उभे असतील. बॅटरीचे सेल संपलेत. तरी उभे राहतात!"

दादा म्हणजे माझे वडील. आमची वस्ती येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेपासून आत. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण मला धाराशिवहून यायला उशीर झाला की म्हातारा फाट्यावर येऊन थांबायचाच. मोबाइल दिला तर तो बंद करून खिशात ठेवायचा, सेल लवकर उतरतो म्हणून.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वा."

मला इतका राग आला होता की मी चपला हातातच घेऊन निघालो. माणूस तडफडून बोलतोय आणि हे थट्टा करतायत, असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. अर्थात गेलो. 'शून्या'चा शेवट बदलला होता, तो कुणाला तरी ऐकवायला हवा होता. आप्पांनी जिन्यातच कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. आत बॅटरीचे दोन सेल होते. "दादांना द्या," म्हणाले. आणि त्या महिन्यापासून कार्यक्रम अर्धा तास अलीकडं आला. कारण कुणाला सांगितलं नाही.

दादांनी सेल घातले, बॅटरी माझ्या तोंडावर मारून बघितली आणि म्हणाले, "बरं झालं. आता तू कवा येतूस ते दिसंल." उभं राहणं काही सोडलं नाही.

अशी काही वर्षं गेली. आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले. जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत असल्याचं सोंग करायचे. त्या भिंतीवर तसबीर नव्हती. मग मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. दुकान पुतण्या, महेश, बघणार होता. वरची खोली तशीच राहील, असं महेशनं सांगितलं, पण आप्पांशिवाय तिथं कोण कुणाचं ऐकणार, हा आमच्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता.

आप्पांच्या शेवटच्या संध्याकाळी रुबीनानं नावं पुकारायला कागद उघडला आणि तो तसाच आमच्यापुढं धरला. सगळ्यात खाली लिहिलं होतं, शिवलिंगप्पा. इतक्या वर्षांत ते माइकसमोर एकदाही उभे राहिले नव्हते.

सगळ्यांचं वाचून झालं. मीही वाचलं, थाळीही वाजली. मग आप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि जिन्याकडं तोंड करून ओरडले, "महेश, शटर वर कर. समद्यांच्या चपला भाईर काढून ठिव."

खाली शटर खडखडत वर गेलं.

"ज्येला जायाचं त्येनं जावं," आप्पा म्हणाले. "माजं ऐकायला म्या कुणाला कोंडणार न्हाय." मग त्यांनी थाळी आणि पळी माझ्या हातात दिली. "सर, तुमी धरा. तुमाला थाळीचा अनुभव लई हाय."

सगळे हसले. आप्पा माइकसमोर गेले आणि सवयीनं त्यांनी आधी माइकला नखानं टिचकी मारली. ज्या माणसानं आमचं सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकलं, तो पहिल्यांदाच आमच्याकडं बघून मोजत होता, कोण राहतंय. वकीलसाहेबांचा फोन वाजला. ते वाकून, दबक्या पावलांनी जिन्याकडं गेले. मला त्यांचा संताप आला. त्यांच्यामागोमाग मी निघालो नाही याचं श्रेय मला नको, माझ्या हातात थाळी होती.

"म्या काय कवी न्हाय," आप्पांनी सुरुवात केली. "हितं बसून जे ऐकलं, त्येतलं माज्यापाशी जे ऱ्हायलं, ते म्हंतो."

हातात कागद नव्हता. त्यांनी डोळे मिटले.

"अम्मीला पोळी गोल हवी होती, मी अक्षर गोल काढलं. ही आमच्या रुबीनाची." ती ओळ तिनं त्या पहिल्या संध्याकाळी वाचली होती, एकट्या आप्पांसमोर. रुबीनानं ओढणी तोंडाला लावली.

मग बालाजीची ट्रॉली आली. मग गाव सोडून गेलेल्या एका मास्तरांची ओळ, मग एकदाच येऊन परत न आलेल्या एका बाईंची. दोन ओळींच्या मध्ये ते थोडा वेळ गप्प राहायचे, बालाजीला दिला होता तसा वेळ प्रत्येकाला देत. आणि मग,

"निकाल लागतो तेव्हा जिंकलेला आणि हरलेला, दोघंही घड्याळ बघतात. ही वकीलसायबांची."

जिन्याखाली चाललेली बुटांची खुडबूड थांबली. क्षणभरानं वकीलसाहेब दारात आले. एका पायात बूट, एका हातात बूट. फोन केव्हाच बंद झाला होता. ते तसेच उंबऱ्यावर बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. दुसरं कुणीही उठलं नाही.

आता माझी पाळी, हे मला दिसत होतं. मी मनातल्या मनात 'शून्या'तल्या ओळी काढून ठेवत होतो. कुठली निवडली असेल? गुहेची? की तिच्या आधीची, उल्कांची? आप्पा एकेक ओळ म्हणत होते आणि माझी येत नव्हती. पाच मिनिटं झाली. मी पळी उचलली नाही. लोकांना वाटलं, सरांचं मन किती मोठं, आप्पांसाठी नियम मोडतायत. मी माझ्या ओळीची वाट बघत होतो.

आप्पांनी डोळे उघडले. "सर, येळ झाला न्हवं?"

"असू द्या आप्पा, चालू द्या."

"चालू द्या, चालू द्या," सगळे म्हणाले.

"आसं कसं? तुमाला समद्यांना थाळी वाजवली. मला जादा येळ कसा घिऊ? वाजवा."

मी वाजवली. हळूच वाजवली, तरी पातेली घुमलीच. आप्पांनी अर्ध्यावरच हात जोडले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. माझे डोळे भरून आले होते, आणि लोक माझ्याकडं कौतुकानं बघत होते. त्यातलं निम्मं पाणी आप्पांसाठी होतं.

ते निघाले त्या सकाळी मी दुकानापाशी गेलो. गाडी उभी होती, मुलगा सामान लावत होता. आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहून महेशला कुठल्यातरी परातीची टिचकी ऐकवत होते. मी पाया पडलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि शेवटी लाज सोडून विचारलंच.

"आप्पा, त्या दिवशी माझी ओळ राहून गेली."

"व्हय. तुमची शेवटाला होती."

"कोणती होती?"

त्यांना आठवावं लागलं नाही. "बॅटरीचे सेल संपलेत. तरी उभे राहतात."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी हसण्याचा प्रयत्न केला. "ती कविता नाही, आप्पा. ते मी तुमच्याशी भांडताना बोललो होतो."

"व्हय का?" आप्पा खरंच चकित झाले. "मला वाटलं, तुमची येवढीच कविता हाय."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पायरी उतरले. गाडीचं दार उघडलं. आत बसताना, देवळात शिरावं तशा त्यांनी पायातल्या चपला खाली रस्त्यावर काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि पाय आत घेतले. मुलानं दार लावलं. गाडी निघाली. महेश हात हलवत होता, मी हात हलवत होतो, आणि गाडी वळणापाशी गेल्यावर आमचं लक्ष खाली गेलं.

मी चपला उचलून धावलो. भर बाजारात, मराठीचा शिक्षक, दोन्ही हातात चपला घेऊन. रिक्षावाल्यांनी वाट करून दिली, त्यांना वाटलं मी कुणाला तरी मारायला निघालोय. चौकापर्यंत गेलो आणि दम लागून थांबलो. गाडी दिसेनाशी झाली होती. मी फोन लावला.

"आप्पा, तुमच्या चपला राहिल्या! गाडी थांबवा, मी येतो घेऊन."

पलीकडं गाडीचा आवाज येत होता.

"कुठं हायत?"

"माझ्या हातात."

"तुमाला नियम ठावं न्हाय का सर?" आप्पा म्हणाले. "कार्यक्रम झाल्याबिगर चपला कुणाला द्यायच्या न्हाईत. आत ठिवा."

मी परत दुकानात आलो. आमच्या चपला जिथं ओळीनं असायच्या, तिथं आप्पांच्या ठेवल्या आणि शटर ओढून घेतलं.